मार्चअखेरच्या ग्रंथखरेदीआधी: सीमाभागातल्या ग्रंथपालांना आणि वाचनालयांना तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांचं खुलं पत्र

प्रति,
सीमाभागातील महाविद्यालयांचे प्राचार्य व ग्रंथपाल, तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर परिसरातील मराठी वाचनालयांची संचालक मंडळं

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी उजाडला की ग्रंथखरेदीची लगबग सुरू होते. अनुदान मार्चअखेर खर्ची पडायला हवं, म्हणून विक्रेत्यांकडून कोटेशनं येतात, याद्यांवर खुणा होतात, गठ्ठे सुटतात आणि पुस्तकं दाखल नोंदवहीत चढतात. या सगळ्यात तत्त्वज्ञानाच्या वाट्याला बहुतेक वेळा गाइडं, प्रश्नसंच, एकाच पाठ्यपुस्तकाच्या आठ-दहा प्रती आणि नेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी ग्रंथांची नवी पुनर्मुद्रणं येतात. हे आपण बदलू शकता, आणि त्यासाठी जादा पैसा लागत नाही. जे चांगलं आणि फुकट आहे त्यावर पैसा घालू नका, मात्र ते मुलांच्या हाती पडेल अशी सोय करा. त्यातून वाचलेला पैसा जे नेटवर कुठंच सापडत नाही त्यावर लावा. आणि जे आपल्याच कपाटात जीर्ण होत आहे व कायद्यानं मोकळं झालं आहे, म्हणजे ज्याचा कॉपीराइट संपला आहे, ते स्कॅन करून ठेवा. बाकीचं पत्र हे कसं करायचं याबद्दल आहे.

आपला विद्यार्थी कुठून येतो ते आधी लक्षात घ्यावं. तो मराठी शाळेत शिकलेला असतो, कन्नड त्याला कामापुरतं येतं, आणि महाविद्यालयात देकार्त नि कांट एकदम इंग्रजीतून समोर येतात. पुढं ‘नेट’ ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा द्यायची तर तत्त्वज्ञानाचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. एम.ए.साठी धारवाड किंवा पुणं गाठेपर्यंत त्याला संदर्भग्रंथ म्हणजे काय हेच दिसलेलं नसतं. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावी राहणाऱ्या मुलीसाठी तर मोबाइल हेच ग्रंथालय आहे. म्हणून तिला नुसतं ‘नेटवर सगळं आहे, शोध’ म्हणणं पुरेसं नाही. काय उघडायचं, कोणत्या क्रमानं वाचायचं आणि कुठं फसगत होते, हे सांगावं लागतं.

पहिलं नाव स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी. १९९५ पासून चालू असलेला हा कोश पूर्ण मोफत आहे. नोंदी त्या-त्या विषयातल्या तज्ज्ञांनी लिहिलेल्या, तपासून घेतलेल्या आणि वेळोवेळी सुधारलेल्या असतात. पण बी.ए.च्या मुलाला तो थेट हाती दिला तर तो दुसऱ्यांदा उघडत नाही, कारण एकेक नोंद दहा-पंधरा हजार शब्दांची असते. वाचायची रीत शिकवली की अडचण सुटते. आधी वरचं दोन-तीन परिच्छेदांचं प्रास्ताविक वाचावं. मग अनुक्रमणिका पाहून आपल्या प्रश्नाचा एकच विभाग निवडावा. तो वाचून झाल्यावर तळाची ‘संबंधित नोंदी’ ही यादी पाहावी. ग्रंथसूची शेवटी. दुसरी गोष्ट संदर्भ देण्याची. नोंदीचा मजकूर बदलत राहतो, त्यामुळे आज उद्धृत केलेलं वाक्य पुढच्या वर्षी तिथं असेलच असं नाही. त्यासाठी हा कोश दर तीन महिन्यांनी आपली एक गोठवलेली प्रत जपून ठेवतो: वसंत, ग्रीष्म, शरद आणि हिवाळी. प्रबंधात त्या प्रतीचा हंगाम, वर्ष आणि दुवा द्यायचा. नोंदीच्या शेजारी संदर्भाचा तयार मजकूर मिळतो, तो तसाच उचलता येतो. पीएच.डी.च्या कितीतरी प्रबंधांत नुसतं संकेतस्थळाचं नाव लिहिलेलं आढळतं. परीक्षक ते वाक्य शोधायला गेला की ते सापडत नाही.

ज्यांना स्टॅनफर्ड जड जातो त्यांनी इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफीपासून सुरुवात करावी. तोही मोफत आहे, तोही तज्ज्ञांकडून तपासला जातो, आणि भाषा सोपी आहे. त्याहून लहान घास हवा असेल तर ‘१०००-वर्ड फिलॉसॉफी’ या संग्रहात एकेका प्रश्नावर हजारभर शब्दांचा निबंध मिळतो. पहिल्या वर्षाच्या तासाला तो छापून वाटण्याजोगा आहे. ऐकून शिकणाऱ्यांसाठी पीटर ॲडमसन यांची ‘हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी विदाउट एनी गॅप्स’ ही ध्वनिमालिका आहे. भाग साधारण वीस मिनिटांचे आहेत, आणि भारतीय तत्त्वज्ञानाचा हिस्सा त्यांनी जोनार्दन गणेरी यांच्यासोबत केला आहे. बेळगाव-खानापूर एसटीच्या प्रवासात एक भाग आरामात ऐकून होतो.

मूळ ग्रंथांच्या बाबतीत मात्र फुकटातलं सगळंच सारखं नसतं, आणि इथं ग्रंथपालांनी जाणकार असायला हवं. प्लेटोचे संवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जॉवेटच्या जुन्या भाषांतरात आहेत. वाचायला ते ठीक आहेत, पण तिथल्या बहुतेक मजकुरात स्टेफानस पृष्ठांक, म्हणजे प्लेटोच्या एका जुन्या छापील आवृत्तीवरून रूढ झालेले पानांचे आकडे, नाहीत. जगभर प्लेटोचा संदर्भ ‘रिपब्लिक ५१४अ’ असाच दिला जातो. तो आकडा नसेल तर गुहेचा दृष्टांत कोणत्या पानावर आहे हे कुणाला सांगताच येत नाही. पर्सियस या संग्रहात ग्रीक मूळ, इंग्रजी भाषांतर आणि हे आकडे तिन्ही आहेत. ॲरिस्टॉटलचे बेकर पृष्ठांक, कांटच्या पहिल्या मीमांसेचे (‘क्रिटीक ऑफ प्युअर रीझन’) अ आणि ब, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या, आवृत्तींचे आकडे, यांचंही तसंच. विद्यार्थ्याला एक साधा नियम सांगून ठेवावा: ज्या आवृत्तीत हे पारंपरिक क्रमांक नाहीत ती वाचा, पण तिच्यातून उद्धृत करू नका.

देकार्त, लॉक, बर्कली, ह्यूम, कांट यांच्यासाठी जोनाथन बेनेट यांनी तयार केलेलं ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ हे आपल्या मुलांसाठी वरदान आहे. सतराव्या-अठराव्या शतकातली लांबलचक इंग्रजी वाक्यं त्यांनी आजच्या भाषेत सोपी करून मांडली आहेत. पण त्यांच्या खुणा समजून घ्याव्या लागतात. चौकटी कंसातला मजकूर संपादकाचा खुलासा असतो. छोट्या टिंबांच्या मधला मजकूर बेनेट यांनी घातलेला असतो, मूळ लेखकाचा नाही. चार टिंबं आली की तिथं मूळ मजकूर गाळलेला आहे. हे न कळल्यामुळे बेनेट यांची वाक्यं ह्यूमच्या नावावर उद्धृत होतात. म्हणून ग्रंथालयात देकार्तचं कॉटिंगहॅम यांचं आणि कांटचं गायर-वूड यांचं भाषांतर छापील असायलाच हवं: समजून घ्यायला बेनेट, उद्धृत करायला छापील प्रत.

संस्कृत दर्शनग्रंथांचे पाठ ग्योटिंगेनच्या ग्रेटिल संग्रहात आहेत. न्यायसूत्र, ब्रह्मसूत्रभाष्य, मूलमध्यमककारिका हे सगळं तिथं मिळतं, पण रोमन लिपीत, डोक्यावर रेघा आणि खाली टिंबं दिलेलं. मुलं ते पाहताच पान बंद करतात. अक्षरमुख नावाचं मोफत साधन आहे. त्यात मजकूर चिकटवला, स्रोत म्हणून रोमन संस्कृत निवडलं आणि लक्ष्य देवनागरी केलं की सेकंदात लिपी बदलते. कन्नड माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी लक्ष्य कन्नड लिपी ठेवा. एकाच बाकावरची दोन मुलं एकच सूत्र आपापल्या लिपीत वाचू शकतात. आपल्या भागात याचं मोल मोठं आहे. एक सावधगिरी: ग्रेटिलचा पाठ शोधासाठी आहे. त्यात टंकनाच्या चुका असतात, आणि तो कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतला हे फाइलच्या माथ्यावर दिलेलं असतं. ते आधी वाचावं आणि शेवटचा ताळा छापील आवृत्तीशीच घ्यावा. एखाद्या दर्शनग्रंथाच्या आवृत्ती, भाषांतरं आणि त्यावरचे लेख एकत्र हवे असतील तर कार्ल पॉटर यांची भारतीय तत्त्वज्ञानाची ग्रंथसूची वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुली आहे. संशोधनाचा विषय ठरवण्याआधी ती चाळली तर आधीच होऊन गेलेलं काम पुन्हा करण्याची वेळ येत नाही.

तर्कशास्त्राबद्दल आम्हाला सगळ्यांत जास्त कळकळ आहे, कारण आपली मुलं तिथंच गळपटतात. नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र हा स्वतंत्र घटक आहे, आणि गुण हमखास मिळवून देणारा आहे. पण गाइडातली सत्यतासारणी पाठ करून भागत नाही. रोज दहा उदाहरणं सोडवावी लागतात. ‘फॉरऑल एक्स’ या पाठ्यपुस्तकाची कॅल्गरी आवृत्ती पीडीएफमध्ये मोफत आहे, उदाहरणांसह. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहे की मूळ लेखकांचं श्रेय दिलं तर कुणालाही तिचं भाषांतर करता येतं, छापता येतं, वाटता येतं. मराठीत आधुनिक प्रतीकात्मक तर्कशास्त्राचं उदाहरणांनी भरलेलं पुस्तक हवं, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो. इथं परवानगीचीही गरज नाही. चार महाविद्यालयांनी एकेक प्रकरण घेतलं तर दोन वर्षांत मराठी प्रत तयार होईल. एखाद्या वाचनालयानं छपाईचा खर्च उचलावा, आम्ही भाषांतराचं आणि तपासणीचं काम करू. हाच मुक्त परवाना सगळीकडे आहे असं मात्र समजू नये: स्टॅनफर्डच्या नोंदींचं भाषांतर करायचं तर आधी लेखी परवानगी लागते.

आता नव्या पुस्तकांचं. इंग्रजीत दरवर्षी तत्त्वज्ञानाची इतकी पुस्तकं निघतात की विक्रेत्याच्या यादीवरून निवड करणं म्हणजे अंधारात हात घालणं. नोत्र दाम विद्यापीठाची ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यूज’ ही परीक्षणपत्रिका २००२ पासून मोफत आहे. तिथली परीक्षणं सविस्तर असतात, आणि ईमेल दिला की घरबसल्या येतात. महिन्यातून एकदा शिक्षकानं ती चाळावी, चार नावं टिपावीत आणि ग्रंथपालांकडे द्यावीत. वर्षाअखेर चांगली यादी आपोआप तयार होते. फिलपेपर्स ही सूची लेख आणि पुस्तकं दोन्हींचा माग ठेवते. विषयवार पाहता येते, आणि फक्त मोफत उपलब्ध असलेलंच दाखव असंही सांगता येतं. तिचाच भाऊ फिलआर्काइव्ह, तिथं लेखकांनी स्वतः ठेवलेल्या प्रती असतात. त्यावर ‘मसुदा’ लिहिलं असेल तर छापील लेखाशी पानं जुळणार नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं. केंब्रिजची ‘एलिमेंट्स’ ही सत्तर-ऐंशी पानी पुस्तिकांची मालिका प्रसिद्ध झाल्यावर बहुधा दोन आठवडे फुकट उतरवून घेता येते. काही पुस्तिका कायमच्या मोफत आहेत. ओपन बुक पब्लिशर्स, आणि खुल्या ग्रंथांची डीओएबी ही सूची, या दोन्ही ठिकाणी पूर्ण ग्रंथ कायदेशीरपणे मिळतात. ‘फिलॉसॉफर्स इम्प्रिंट’ आणि ‘एर्गो’ ही पहिल्या दर्जाची संशोधनपत्रिका आहेत आणि वाचकाकडून एक पैसाही घेत नाहीत. जेस्टोर या संशोधनलेखांच्या संग्रहावर साधं खातं उघडलं तरी सध्या महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून मात्र घेता येत नाहीत.

विकत घ्यायची म्हणाल, तर आपल्या मातीशी जोडलेली काही नावं नक्की सुचवू. स्कॉट स्ट्राउड यांचं २०२३ चं ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॅग्मॅटिझम इन इंडिया’ हे आंबेडकर आणि अमेरिकन तत्त्ववेत्ते जॉन ड्युई यांच्या वैचारिक नात्यावर आहे. बाबासाहेबांना तत्त्ववेत्ता म्हणून वर्गात शिकवायचं तर ते हाताशी हवं. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई यांचं ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) आणि त्यानंतरचं ‘एक्स्पीरियन्स, कास्ट अँड द एव्हरीडे सोशल’ (२०१९) ही दोन पुस्तकं अनुभव आणि सिद्धांत यांच्या नात्यावर इतकी थेट बोलतात की सीमाभागातल्या विद्यार्थ्याला आपल्या जगण्याचा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडलेला प्रथमच दिसतो. मॅथ्यू दस्ती आणि स्टीफन फिलिप्स यांनी केलेली न्यायसूत्रं आणि प्राचीन भाष्यांची निवड (२०१७) अध्यापनासाठी उत्तम आहे. प्रदीप गोखले यांचं लोकायतावरचं (चार्वाक मतावरचं) २०१५ चं पुस्तक, आणि भूषण-गारफिल्ड यांचं वसाहतकाळातल्या भारतीय तत्त्वज्ञांवरचं ‘माइंड्स विदाउट फिअर’ (२०१७), हीही घ्यावीत. मागणी नोंदवण्याआधी भारतीय आवृत्ती आहे का ते जरूर पाहावं. परदेशी पुठ्ठाबांधणी आणि भारतीय आवृत्ती यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

आणि हे घेऊ नका. ऑनलाइन दुकानांत जुन्या ग्रंथांच्या ‘क्लासिक’ पुनर्मुद्रणांचा सुळसुळाट आहे. मुखपृष्ठ देखणं, आत प्रकाशनवर्ष नाही, भाषांतरकाराचं नाव नाही, तळटीपा गळालेल्या, आणि मजकुरात यंत्रवाचनाच्या चुका जशाच्या तशा. दासगुप्तांचा पाच खंडी इतिहास किंवा हिरियण्णांचं ‘आउटलाइन्स’ हवं असेल तर ते आर्काइव्ह डॉट ऑर्गवर चांगल्या स्कॅनमध्ये आहे. हिरियण्णा १९५० मध्ये आणि दासगुप्ता १९५२ मध्ये गेले, म्हणजे दोघांचेही हे ग्रंथ भारतात केव्हाच मोकळे झाले. विश्वासार्ह प्रकाशकाची एकेक छापील प्रत कपाटात असावी, चार नकोत.

मराठीत मात्र गणित उलटं आहे. इंग्रजीत फुकट भरपूर आणि निवड अवघड. मराठीत फुकट थोडं, आणि जे आहे ते कुणाला माहीत नाही. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, आणि त्याच्या तत्त्वज्ञान ज्ञानमंडळाच्या नव्या नोंदीही वाचता येतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर शोधता येतात. इंग्रजी पाठ्यपुस्तक मराठीत समजावून घेणाऱ्या मुलासाठी ते रोजच्या उपयोगाचं आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली अनेक प्रकाशनं पीडीएफमध्ये मोफत ठेवली आहेत. यातलं काहीही वाचायला महाराष्ट्राचा रहिवासी असण्याची अट नाही. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. पुण्याच्या इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली या नियतकालिकाचे जुने अंक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, आणि मराठीतून विचार करणाऱ्या कितीतरी अभ्यासकांचं इंग्रजी लेखन त्यात आहे.

जे नेटवर मिळेलच याचा भरवसा धरता येत नाही ते म्हणजे मराठीतले आपले आधारग्रंथ. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडी ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ (१९७४), मे. पुं. रेगे यांचं ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’, द. य. देशपांडे यांचं ‘अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’, श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’, ग. ना. जोशींचे तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे खंड, ‘परामर्श’ आणि ‘नवभारत’ या नियतकालिकांचे बांधीव अंक. पैसा इथं लावा. नवी प्रत नसेल तर पुण्या-कोल्हापुरातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे मागणी नोंदवा, आणि ती खरेदी नियमांत बसावी म्हणून ‘दुर्मीळ ग्रंथ’ असा वेगळा शीर्ष ठेवा. जी पुस्तकं आधीपासून आहेत ती रद्दीत काढण्याआधी एकदा विषयाच्या शिक्षकाला दाखवा. दहा वर्षांत कुणी नेलं नाही, एवढ्या कारणावरून महाकोशाचा खंड बाद होऊ नये. मुलांना तो आहे हेच कळलेलं नसतं.

मराठी ग्रंथ नेटवर सापडत नाहीत याचं एक कारण नोंदी आहे. आर्काइव्हवर चढलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या पुस्तकांची शीर्षकं रोमन लिपीत, वाट्टेल तशा स्पेलिंगनं टाकलेली आहेत. एकच ‘तत्त्वज्ञान’ पाच-सहा तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. त्यामुळे शीर्षकानं न शोधता लेखकाच्या आडनावानं शोधावं, तीन-चार स्पेलिंगं करून पाहावीत, आणि देवनागरीत शोधताना ‘तत्त्वज्ञान’ व ‘तत्वज्ञान’ दोन्ही घालावेत. आपल्या स्वतःच्या तालिकेतही तेच करायचं आहे. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर मोफत ग्रंथाचा दुवा नोंदीच्या ८५६ क्रमांकाच्या रकान्यात भरता येतो. मग मुलानं ‘दासगुप्ता’ शोधलं की छापील प्रतीखालीच पीडीएफचा दुवा दिसतो. संगणकीकृत तालिका नसेल तर १८१.४ च्या (भारतीय तत्त्वज्ञानाच्या वर्गांकाच्या) कपाटावर क्यूआर कोडचा एक कागद चिकटवला तरी काम होतं.

महाविद्यालयांसाठी एक जबाबदारीची गोष्ट. महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेचं सभासदत्व घेतलेलं असतं, वर्गणी भरलेली असते, आणि मुलांना त्याची खबरच नसते. प्रवेशाचा हंगाम संपला की नव्या विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल महाविद्यालयाच्या नेमलेल्या व्यक्तीनं चढवायचे असतात. ते झालं नाही की लॉगिन मिळत नाही. ईमेल चुकीचा भरला किंवा पत्र स्पॅममध्ये गेलं की मूल गप्प बसतं. ऑगस्टमध्ये एक तास देऊन वर्गातच प्रत्येकाचं लॉगिन उघडून घ्या. संशोधनपत्रिका एकत्रित वर्गणीनं देणाऱ्या, २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेची रचना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, सरकारी विद्यापीठाशी संलग्न आहोत म्हणजे आपण त्यात आलो असं समजू नका, इन्फ्लिबनेटच्या यादीत आपलं नाव पाहून घ्या. शोधगंगेवर प्रबंध आणि ई-ज्ञानकोशावर इग्नूची तत्त्वज्ञानाची बी.ए., एम.ए.ची पुस्तिका मोफत आहेत. यातलं काहीही ऐन परीक्षेत उघडत नसेल तर मुलांचा खोळंबा होतो, म्हणून नेमकी पीडीएफ आधीच उतरवून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवावी. पावसाळ्यात खानापूरकडे वीज आणि नेट दोन्ही जातात; पेन ड्राइव्हवर प्रत असली की अभ्यास अडत नाही.

चोरट्या संकेतस्थळांवरून ग्रंथालयाच्या संगणकावर पुस्तकं उतरवू नयेत. त्यात संस्था अडकते. प्रकरण-दोन प्रकरणांच्या छायाप्रतींना मात्र विनाकारण घाबरू नये. वर्गातल्या अध्यापनासाठी निवडक भागांचे संच करून देण्याला कलम ५२ खाली मुभा आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ च्या छायाप्रत खटल्यात मान्य केलं. आणि एआय यंत्राला प्रश्न विचारून संदर्भयादी घेणाऱ्या मुलांना एक सवय लावा: यादीतला प्रत्येक लेख फिलपेपर्सवर शोधायचा. तिथं नसेल तर तो लेख कुणी लिहिलेला आहे याचा दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय वापरायचा नाही. अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या लेखकांच्या नावावर, या याद्यांत राजरोस येतात.

शेवटची विनंती बेळगावच्या ठेव्याची. गुरुदेव रा. द. रानडे जमखंडीचे, आणि त्यांच्या विचाराला वाहिलेली ॲकॅडमी ऑफ कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी अँड रिलिजन बेळगावात आहे. उपनिषदांवरचा त्यांचा १९२६ चा ग्रंथ आणि महाराष्ट्रातल्या संतांवरचा १९३३ चा ग्रंथ जगभर अभ्यासले जातात. रानडे १९५७ मध्ये निवर्तले. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे १ जानेवारी २०१८ पासून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन मोकळं आहे. निधनानंतर प्रथम छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा स्वतंत्र असतो. आणि नियतकालिकाच्या जुन्या अंकांसाठी प्रकाशक संस्थेची परवानगी घ्यायची. हा हिशोब प्रत्येक जुन्या ग्रंथाला लावला तर आपल्या वाचनालयांतली कितीतरी मराठी आणि कन्नड तत्त्वचिंतनपर पुस्तकं आज स्कॅन करण्याजोगी आहेत.

त्याला महागडं यंत्र लागत नाही. डेमी आकाराचं पुस्तक उघडून दोन पानं एकत्र टिपली तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण साडेआठ मेगापिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल त्याला पुरतो. मोबाइल हातात धरायचा नाही, स्टँडवर पुस्तकाच्या बरोबर वर बसवायचा. दोन्ही बाजूंनी तिरके दिवे, फ्लॅश बंद, पानावर स्वच्छ काच. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटत असतील तर खाली काळा कागद सरकवायचा. जीर्ण पुस्तक १८० अंशांत दाबून उघडायचं नाही, शिवण तुटते. त्याला दोन्हीकडून आधार देऊन निम्मं उघडायचं आणि एका वेळी एकच पान टिपायचं. सगळ्यांत मोठी चूक होते ती रंगाची. फाइल लहान व्हावी म्हणून निव्वळ काळं-पांढरं केलं की अनुस्वार, रफार आणि पायमोडकी अक्षरं उडतात, आणि ती परत येत नाहीत. मूळ प्रत रंगीत किंवा करड्या छटेतच ठेवावी. पानं सरळ करून वेगळी करायला स्कॅनटेलर, मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट. दोन्ही मोफत आहेत. टेसरॅक्टला भाषा ‘मराठी’ सांगायची, ‘हिंदी’ नव्हे, नाहीतर ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ची वाट लागते. फाइलचं नाव ‘स्कॅन००१’ असं न ठेवता लेखक, शीर्षक, वर्ष असं ठेवायचं. आर्काइव्हवर चढवताना शीर्षक देवनागरी आणि रोमन दोन्हींत द्यायचं. आणि चढवण्याआधी एका माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत पृष्ठांक मोजायचे. एक पान सुटलं की तो ग्रंथ उद्धृत करण्याच्या लायकीचा राहत नाही, आणि ‘एकदा स्कॅन झालंय’ म्हणून पुन्हा कुणी करतही नाही. तीनशे पानांचं धड पुस्तक दोन माणसं दोन-अडीच तासांत टिपतात.

यासाठी आम्ही मागतो ते एवढंच: प्रत्येक ग्रंथालयात एक संगणक, आठवड्यातले दोन ठरलेले तास, आणि त्या वेळी मुलांशेजारी बसणारा एक माणूस. माणूस आम्ही देऊ. येत्या खरेदीच्या बैठकीआधी तत्त्वज्ञानाची कच्ची यादी आपल्या महाविद्यालयातल्या विषयशिक्षकाकडे पाठवावी. शिक्षक नसेल तर शेजारच्या महाविद्यालयातल्या. प्रत्येक नावापुढं ‘मोफत आहे, दुवा असा’, ‘घ्या, ही आवृत्ती’ किंवा ‘नको, कारण असं’ असा शेरा लिहून ती आठवड्याच्या आत परत येईल.

आपले स्नेहांकित,
सीमाभागातील तत्त्वज्ञानाचे शिक्षक व संशोधक